बदली

गणपती पेठेत लझान्याच्या पट्ट्या नव्हत्या.
तीन दुकानं पालथी घातली. तिसऱ्यात महावीर शेटे
स्टुलावर चढून पुड्यामागून पुडे काढत म्हणाला,
"काकू, पेन्ने न्या की. पोटात गेल्यावर सगळं एकच."

पेन्ने म्हणजे तासलेले बोरू, आतून पोकळ.
सॉस धरतात, मान्य.
पण एकावर एक निजत नाहीत,
त्यांचा थर होत नाही, ढीग होतो.
मॅकरोनी तर घरंगळणारीच जात.
स्पॅगेटी शेजारी शेजारी मांडली तर चटई दिसेल,
असं क्षणभर वाटलं;
सुरी लागली की चटई उसवणार.

पुडे हातात घेऊन मी उभी
आणि मला अण्णा दिसले,
माधवनगरच्या गिरणीच्या फाटकाशी,
डब्याला फडकं बांधून.

बदली कामगार. अकरा वर्षं.
सातच्या भोंग्याला तिथं हजर राहायचं.
आज कोण आलं नाही, ते मुकादम वाचायचा.
त्या नावाच्या जागी अण्णा आत जायचे,
कधी साच्यावर, कधी कांड्या भरायला.
नाव नाही निघालं तर डबा तसाच घरी.
संध्याकाळी पाय धुता धुता सांगायचे,
"आज मी तुकाराम लोंढे होतो."
आई आतून विचारायची,
"मग जेवायला कोण बसतंय आता?"

कायमची यादी लागायची होती.
त्याआधी भोंगाच थांबला.

"काय देऊ मग?" शेटे.
मी म्हटलं, पाव किलो बारीक रवा दे.

आमचं स्वयंपाकघरही बदलीवरच चाललेलं.
बटाट्याच्या जागी कच्चं केळं,
लसणीच्या जागी हिंग,
कांद्याच्या जागी बारीक चिरलेला कोबी
आणि त्याला भरपूर वेळ.
पण जागा बघून माणूस पाठवावा लागतो.
मागल्या खेपेला अर्ध्या भाजलेल्या पोळ्या पाठवल्या.
पांढऱ्या सॉसात त्या अशा विरघळल्या
की सुव्रतानं चमचा मागितला, आणि म्हणाली,
"आत्या, खीर छान झालीय."

म्हणून या वेळी चकोल्यांची कणीक,
निम्मा रवा घालून, घट्ट, हात दुखेपर्यंत.
पातळ लाटली. लेकाच्या जुन्या फूटपट्टीनं
डब्याच्या मापाच्या पट्ट्या कापल्या.
कच्च्याच घातल्या तर त्या पाणी मागतात,
टोमॅटोचा रस सैल ठेवावा लागतो.
मी दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढल्या,
जुन्या धोतरावर पसरल्या.
धोतर अण्णांचंच. त्याचं काही विशेष नाही,
सुती आहे, पाणी चांगलं पितं.

ओव्हन नाही. कुकरच्या तळाला मीठ,
शिट्टी काढलेली, रिंग काढलेली.
साडेचारला चढवलं,
दिवस बुडायच्या आत मला जेवायचं असतं.

सुव्रतानं काट्यानं थर मोजले. पाच.
एक डावीकडे कलला होता,
एका कोपऱ्याला करप. तो मी माझ्याकडे घेतला.
तिनं चावलं. थांबली. परत चावलं.
पुण्यात राहून तिला सगळ्याची खरी नावं कळायला लागलीत.
"आत्या, हे नक्की काय आहे?"
"आज लझान्या आहे," मी म्हटलं.

तिनं आणखी घेतलं.
खिडकीतून ऊन अजून पाटापर्यंत येत होतं.

चार पट्ट्या उरल्या होत्या.
सकाळी आमसूल-गूळ घालून आमटीला उकळी आणली,
हातानं तोडून त्यात सोडल्या.
तिथं त्या कायम होत्या.